भिंतीवरून हिरवा महाल

"मला एकदा पलीकडं जाऊन यायचंय," असं शिवगंगा म्हणाली, तेव्हा मी जेवत होतो.

"पलीकडं म्हंजी कुठं?"

"महालात."

आमचं घर जुन्या बीडात, बिंदुसरा नदीच्या अंगाला. परसातली भिंत संपली की पलीकडं हिरवा महाल. हिरवा आपलं म्हणायचं. त्याचा हिरवा रंग माझ्या आज्यानं बघितला असला तर असंल. आम्हाला दिसायच्या त्या वरच्या मजल्याच्या कमानी, त्यातल्या उरल्यासुरल्या रंगीत काचा आणि कबुतरं. महालाचा दरवाजा मागच्या गल्लीत. त्यामुळं एका भिंतीचे शेजारी असूनही आमचा पत्ता वेगळा आणि त्यांचा वेगळा. ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून फराळ जायचा, तोही कामाच्या बाईच्या हातून. वेशीजवळ माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. महालातले मुस्तफा अली साहेब दुकानावरून गेले तर हात कपाळाला लावायचे, मी हात जोडायचो. आमच्या दोन घराण्यांचे संबंध यापुढं गेले नव्हते.

म्हणजे माझे गेले नव्हते. शिवगंगेचे गेले होते.

मुस्तफा अली साहेबांची थोरली बहीण महालात राहायची. सगळं गाव तिला बडी बी म्हणायचं आणि गावातल्या कुणी तिला बघितलेलं नव्हतं. पर्दा एकदम पक्का. शिवगंगा लग्न होऊन आली त्या साली परसात भांडी घासत होती, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "नयी दुल्हन हय क्या?" ही हातातलं पातेलं टाकून घरात पळाली. रुद्राणी झाली तेव्हा पुन्हा आवाज आला, "लडका के लडकी?" "लडकी," असं ही म्हणाली. "मुबारक!" असं उत्तर आलं. मग लोणच्याला मीठ किती, मिरचीचा ठसका, माझ्या आईचा स्वभाव, असे विषय भिंतीवरून ये-जा करायला लागले. आदल्या हिवाळ्यात दंगलीच्या धास्तीनं चार दिवस गाव बंद होतं, रस्त्यावर पोलिसांशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "बेटी, दूध हय क्या? भाई कू चाय बिगर चैन नै पडता." शिवगंगेनं दुधाचा तांब्या भिंतीवर ठेवला. पलीकडून एक हात आला आणि तांब्या घेऊन गेला. बडी बीचं तेवढंच दर्शन तिला झालेलं.

आता महाल विकला गेला होता. तेव्हा गावात जुनं काही दिसलं की लोकांना तिथं कॉम्प्लेक्स दिसायचं. वेशीत एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते, घरोघर केबलच्या वायरी गेल्या होत्या. साहेबांच्या पुतण्यानं हैदराबादेत बसून नगरच्या कुण्या बिल्डरशी सौदा केला होता आणि बहीणभाऊ महिन्याभरात हैदराबादेला जाणार होते.

"इतकी वर्षं आवाज ऐकते. जायच्या आधी एकदा तोंड बघून येते," शिवगंगा म्हणाली.

मला यातलं तोंड ऐकू आलं नाही, फक्त महाल ऐकू आला. बायकोनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी बघायला मागितलंय, आणि तेही महाल, तर तो तिला रीतसर दाखवला पाहिजे, असं मनात आलं.

"रीतसर कावून? मी जाते की एखाद्या दुपारच्याला," ती म्हणाली.

"नवाबाच्या घरी असं उठून जातेत का? मी बघतो."

'मी बघतो' हे शब्द मी तोंडातून काढले की शिवगंगा पदर खोचून उभी राहते. पुढं काहीतरी निस्तरायचं आहे हे तिला कळतं.

मी आधी बंकटरावांकडं गेलो. बंकटराव म्हणजे आमच्या ओसरीला ओसरी लागून राहणारे, तहसिलातून रिटायर झालेले गृहस्थ. निजामाच्या राज्यात ते उर्दूत चौथी शिकले होते, आणि ती चौथी त्यांनी अजून उतरू दिली नव्हती.

"अर्जी द्यावी लागंल. आन् ती उर्दूत पायजे. मराठीत लिवली तर तेंचा अपमान व्हतोय," बंकटराव गंभीरपणे म्हणाले.

अर्जी लिहिण्याचं काम माझ्या दुकानाच्या ओट्यावर दोन संध्याकाळी चाललं. ओट्यावर चाललेली गोष्ट गल्लीपासून लपत नाही. येणारा-जाणारा वाकून बघायचा, उजवीकडून डावीकडं चाललेल्या लेखणीकडं बघून मान हलवायचा आणि पुढच्या घरी जाऊन सांगायचा. तिसऱ्या दिवशी मी खाली सही करून अर्जी पाठवली. चौथ्या दिवशी मुस्तफा अली साहेब काठी टेकत स्वतः दुकानात आले. मी गादीवरून उठलो. ते बसले, पाणी प्यायले, माझ्या व्यापाराची विचारपूस केली आणि मग खिशातून अर्जी काढली.

"अप्पासाब," ते फार हळू म्हणाले, "इसमें आपने लिख्या, के आप बडी बी की जियारत में शरीक होना चाहते."

"जी हौ," मी अदबीनं म्हणालो.

"जियारत हमारे में मय्यत के तीसरे दिन होती. अल्ला के फजल से बडी बी हयात हय."

बंकटराव ओट्यावरच होते. त्यांना एकाएकी घरचं काम आठवलं. मी कानाच्या पाळ्या धरल्या. साहेब मात्र हसलेसुद्धा नाहीत; चूक माझी नसून हवेची असावी असा चेहरा करून त्यांनी अर्जी खिशात ठेवली आणि म्हणाले, "शनिचर के दुपार में तशरीफ लाइए. औरतां कू लेके आइए."

ते म्हणाले 'औरतां'. माझ्या घरातल्या, असा त्याचा अर्थ. पण दुकानात त्या वेळी भिवराबाई डब्याचं झाकण बदलायला आली होती. भिवराबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते आणि गल्लीचं तोंडही तीच आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना नवाबाचं आवतण पोचलं.

"भिवराबाई, आवतण आमच्या घराला हाय," मी सांगून बघितलं.

"तुमच्या परसाला महालाची भिंत हाय, आमच्या परसाला न्हाई, येवढ्यावर तुमी घरचे आन् आमी बाहेरचे व्हय अप्पा?" ती म्हणाली.

गल्लीत दोघांचौघांनी नाकं मुरडली. गेल्या साली एवढं झालं आणि तिकडं कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापैकी एकानं ते भिवराबाईसमोर बोलून दाखवलं. भिवराबाई म्हणाली, "माझं पोरगं तापानं फणफणलं तवा मी शहेनशाहवलीच्या दर्ग्यावर पायी गेलते. तवा कुणी आलतं का मला इचारायला, तिकडं कशाला म्हणून?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. उलट नाकं मुरडणाऱ्यांच्याच घरातून दोन बायका वाढल्या.

मग पालिकेचे ओव्हरशियर आले. महाल धोकादायक इमारतींत धरलेला होता. इतक्या बायका माडीवर चढल्या आणि माडी खाली आली तर जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, मी जबाबदार. ते म्हणाले, तसं लिहून द्या. मी लिहून दिलं. ते वाचून त्यांचं समाधान झालं आणि ते म्हणाले, "मग मीपण येतो. आत कधी जायला मिळालं न्हाई."

ओव्हरशियर गेले आणि चौकीवरून शहादेव जमादार आले.

"अप्पा, ह्यो मोर्चा हाय का?"

"न्हाई हो. बायका महाल बघायला चालल्यात."

"किती?"

"वाढायलेत अजून."

जमादारांनी डोक्यावरची टोपी काढून आत बघितली, जणू उत्तर तिथं ठेवलेलं असतं. "दिवस नाजूक हायत. जमाव म्हणला की बंदोबस्त आला. मी सोता येतो, चार पोरं आणतो," ते म्हणाले.

बंदोबस्त आहे म्हणजे कार्यक्रम आहे, आणि कार्यक्रम आहे म्हणजे आपण पाहिजे, हे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक विठ्ठलराव यांना कुणी सांगावं लागत नाही. शुक्रवारी त्यांचा फलक वेशीत लागला. त्यावर 'सद्भावना महिला भेट' असं लिहिलं होतं, विठ्ठलरावांचा फोटो होता, आणि तळाशी बारीक अक्षरात 'संयोजक : वैजिनाथअप्पा' असं माझं नाव होतं. खोटं बोलत नाही, मी तो फलक जाता-येता दोनदा वाचला.

या सगळ्यात शिवगंगा दिवसेंदिवस कमी बोलायला लागली होती. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, कार्यक्रमाचं दडपण असेल.

शनिवारी दुपारी मी धोतर नेसून, कपाळाला इभूत लावून, फेटा बांधून तयार झालो. बाहेर बायकांचा कलकलाट चालला होता. शिवगंगा सैपाकघरात जुन्या पातळावर तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, ऊठ की! सगळे खोळंबले."

"मी न्हाई येत."

"न्हाई येत म्हंजी? सगळं तुझ्यासाठी केलं ना मी?"

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "मला बडी बीला भेटायचं होतं. तुमी वरात काढली. पोलीस, पुढारी, फलक. त्या बाईनं जलमभर स्वतःचं नख कुणाला दाखवलं न्हाई, आन् जाता जाता तिच्या दारात गाव नेऊन उभं करायलात तुमी. मी कोणत्या तोंडानं येऊ?"

मला राग आला. इतक्या दिवसांची माझी धावपळ, माझी सही, माझा फेटा, हे सगळं एका सुपात निवडून टाकल्यासारखं वाटलं. "नको येऊस," असं म्हणून मी बाहेर पडलो आणि पोलीस बंदोबस्तात, गल्लीतल्या सतरा बायकांच्या पुढं, संयोजक म्हणून चालू लागलो. सोबत फक्त बायको नव्हती.

मुस्तफा अली साहेब दरवाजात उभे होते. शेरवानी इस्त्री केलेली, कोपरावर रफू. एवढा जमाव बघून त्यांची नजर क्षणभर थांबली, पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी प्रत्येकाला वेगळा सलाम केला, जमादारांनी आणलेल्या पोरांनासुद्धा. बायका जनान्याचा पडदा बाजूला करून आत गेल्या. आम्ही पुरुष दिवाणखान्यात बसलो. मी, बंकटराव, ओव्हरशियर, विठ्ठलराव आणि जमादार अशा पाच जणांना मिळून एक कोच होता. वर छताला हंड्याझुंबरांचे नुसते हूक होते. भिंतीवर जिथं तसबिरी होत्या तिथं उजळ चौकोन राहिले होते. खिडकीच्या लाल-निळ्या काचांतून ऊन येत होतं आणि ते नेमकं जमादारांच्या टोपीवर पडत होतं.

कमानीवर अक्षरं कोरलेली होती. बंकटराव उठले, चष्मा लावला आणि बोट फिरवत बराच वेळ ओठ हलवत राहिले. अर्जीचा डाग धुऊन काढायची त्यांना संधी दिसत होती.

"ते फारसी हय, बंकटराव," साहेब सांभाळून म्हणाले. "उस का मतलब, घर मेहमान का, हम चौकीदार."

बंकटराव म्हणाले, "तेच म्हणत व्हतो." आणि बसले.

साहेबांनी मग आम्हाला बसल्या जागेवरूनच बीड दाखवलं. आधीचे लोक या माडीवरून कसे बघायचे, पाण्यातलं कंकालेश्वराचं देऊळ, टेकाडावरचा दर्गा आणि जामा मशीद एका नजरेत कशी यायची. खजाना बावडी बांधणाऱ्यानं पाणी कसं खेळवलं. मोहरमची सवारी निघाली की दोन्ही गल्ल्यांतल्या बायका कशा पाणी ओतायला उभ्या असायच्या. त्यांचा सूर गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा नव्हता. बाहेर कुणीतरी उभं आहे, ते येईल आत्ता, असं ते बोलत होते.

मग विठ्ठलराव भाषणाला उठले. आम्ही पाचच होतो, तरी उठले. आता देश बदलतोय, जुनं जाणार, नवं येणार, इथं तीन मजली कॉम्प्लेक्स होणार, त्यात लिफ्ट असणार आणि बीडचा पहिला सरकता जिना आणायचा त्यांचा प्रयत्न राहणार, असं ते त्या घरात, त्या माणसासमोर बोलले. मी माझ्या फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळत राहिलो. पृथ्वीनं पोटात घ्यावं म्हणतात, तसं मला कोचानं पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. स्प्रिंग तेवढी आडवी होती.

"बजा फरमाया, सही बोले आप," साहेब म्हणाले आणि त्यांनी विठ्ठलरावांपुढं पानाचा डबा धरला.

तेवढ्यात पडद्याआडून कामवालीचा आवाज आला. "साब, बडी बी पुछ रैं, इनमें दीवारवाली कौनसी हय?"

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

आतून भिवराबाईचा आवाज घुमला, "ती आली न्हाई म्हणावं! रुसून बसली घरी!"

थोड्या वेळानं कामवाली पुन्हा पडद्याशी आली. "साब, बडी बी उठ के चले गये."

"कुठं?" ओव्हरशियरनी विचारलं. त्यांना माडीची काळजी.

"पिछे. आंगन में."

पाहुण्या बायकांना सोडून यजमानीण उठून गेली होती. विठ्ठलरावांना हा अपमान धरावा की नाही ते ठरवता येईना. जमादार उभे राहिले. साहेबांनी प्रथमच माझ्याकडं सरळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विचारणा होती. मी हात जोडले आणि निघालो.

महालाच्या दरवाजातून आमच्या दारात यायला दोन गल्ल्यांचा वळसा आहे. फेटा सुटला तसा काखेत मारला. लोक बघत होते. कार्यक्रमात काहीतरी झालं असं वाटून दोघं-तिघं माझ्यामागं पळायलाही लागले, त्यांना मी दारातच अडवलं. सैपाकघरात सूप तसंच होतं, तांदूळ अर्धे निवडलेले. मी परसात आलो.

माळ्यावर चढायची लाकडी शिडी भिंतीला लावलेली होती आणि तिच्या वरच्या पायरीवर, पदर कमरेला खोचून, माझी बायको उभी होती. लेक रुद्राणी कॉलेजात शिकायची, एवढ्या वयाची ही बाई.

"अगं पडशील!"

"शिडी धरा," ती मागं न बघता म्हणाली. "आन् तोंड तिकडं करा. तेंचा पर्दा हाय."

मी शिडी धरली आणि तोंड बेलाच्या झाडाकडं केलं.

"आव बेटी," पलीकडून आवाज आला. मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होतो. "पलंग पे पांव रख. मैं पकडती."

"तुमी नका धरू बडी बी, तुमीच पडाल!"

"गिरे तो दोनो मिल के गिरेंगे."

शिडी हलली, बांगड्या वाजल्या, पलीकडं पलंग करकरला, आणि शिवगंगा महालात गेली. सही नाही, अर्जी नाही, बंदोबस्त नाही.

त्यानंतर बराच वेळ मी तसाच उभा होतो. शिडीवर कुणी नव्हतं, तरी ती सोडायचं मला धाडस झालं नाही. पलीकडून एक हुंदका आला, तो कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. मग दोघी बोलायला लागल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू येत होतं, पण ते इथं सांगत नाही, कारण त्यातलं बरंच माझ्याबद्दल होतं. एकदा दोघी इतक्या हसल्या की वरची कबुतरं उडाली.

शिवगंगा गेली तशीच भिंतीवरून परत आली. तिच्या हाताला अत्तराचा वास येत होता.

"कशा हायत?" मी बेलाकडं बघतच विचारलं.

"वळा आता. बऱ्या हायत," ती म्हणाली आणि सूप घेऊन बसली. उरलेल्यातले निम्मे तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, "मला वाटलं व्हतं, लई मोठ्या असतील. चिमणीयेवढ्या हायत."

"आन् महाल कसा हाय आतून?"

"मी कुठं आत गेले? पलंगावर बसलो व्हतो आमी."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका परतल्या, त्यांनी महालाचं कौतुक चार दिवस पुरवलं. आरसे किती, कोनाडे किती, शीरखुर्म्यात चारोळी किती. फक्त बडी बी कुणालाच नीट दिसली नव्हती. आल्या आल्या तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं, चौकशी केली आणि उठून गेली, असं भिवराबाई सांगत होती. "मोठ्यांची तऱ्हा," ती म्हणाली.

जायच्या दिवशी मागच्या गल्लीत अँबेसेडर येऊन उभी राहिली. हैदराबादेहून भाची न्यायला आली होती. गल्ली निरोपाला जमली. साहेबांनी सगळ्यांना सलाम केला, मला मिठी मारली. मग दरवाजातून काळ्या बुरख्यातल्या तिघी बाहेर आल्या : बडी बी, भाची आणि कामवाली. तिघी जवळपास सारख्याच अंगाच्या. भिवराबाईनं पुढं होऊन मोठ्या भक्तीनं एकीच्या ओटीत नारळ घातला. ती कामवाली निघाली. विठ्ठलरावांचा हार भाचीच्या हातात गेला.

शिवगंगा कडेला उभी होती. ती सरळ तिसरीकडं गेली. बुरख्यातून एक हात बाहेर आला, शिवगंगेच्या गालावरून फिरला, आणि आत गेला. गाडी धूळ उडवत वेशीकडं वळली.

परत येताना मी विचारलं, "तू कशावरून ओळखलंस?"

"चालण्यावरून. डावा पाय जरा वढतात. पहाटं नमाजाला उठल्या की ऐकू यायचं ना."

मी त्याच घरात, त्याच भिंतीकडं उशी करून तेवढीच वर्षं झोपत आलो होतो. मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर शिवगंगा अंथरुणात नव्हती. मी परसात गेलो. ती भिंतीजवळ उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मशिदीतली अजान झाली, वरच्या कमानीत कबुतरं हलली. आम्ही दोघं कान देऊन ऐकत होतो.

पलीकडं काही वाजलं नाही. मग शिवगंगा चूल पेटवायला आत गेली.